सुंदराबाईने उसने दिलेले वल्हे

मित्रांनो, जरा डोळे मिटा. आपण माणूस नसून सागवानाचा एक लांब दांडा आहोत आणि आपले एक टोक पसरट आहे, अशी कल्पना करा. खाली खाडीचे गार पाणी, वर घट्ट धरणारे दोन हात. जमले? मग आता तुम्ही मीच झालात. मी घणसोली गावच्या तुळशीराम कोळ्याचे जुने वल्हे.

त्यानेच मला तासले आणि तेल चोळून मुरवले. भरती पाहून आम्ही निघायचो, कोळंबी आणि बोय मासे घेऊन परतायचो. नारळी पुनवेला होडीच्या आधी मला हळदकुंकू लागे. तुळशीराम म्हणायचा, "होडी दुसऱ्याची पन चालंल, वल्हा आपला पायजे."

पुढे खाडीचे पाणी बिघडले, मासा आटला. होडी विकली गेली. मी पडवीत आडवे झाले आणि माझ्यावर कपडे वाळू लागले.

शहाण्णव साली मुंबईच्या एका संग्रहालयाची माणसे गावात आली. खाडीकाठच्या जुन्या वस्तूंचे प्रदर्शन भरवायचे होते. तुळशीराम घरी नव्हता. त्याच्या बायकोने, सुंदराबाईने, मला पदराने पुसून हौसेने त्यांच्या हाती दिले.

तिथे मला वार्निश लावून भिंतीवर टांगले. कोणी हात लावू नये म्हणून माझ्यासमोर दोरी बांधली. नाताळच्या सुट्टीत ही गर्दी! एक मुलगा म्हणाला, "राक्षसाची पळी बघ." सगळे हसले. हसेनात का, कोणीतरी पाहत होते.

शेवटच्या दिवशी त्या गर्दीतून सुंदराबाई आली. बरोबर आठ वर्षांची नात अमिता, आणि मला गुंडाळायला आणलेली गोधडी. ती थेट तिथल्या साहेबांकडे गेली.

"साहेब, सपला ना परदर्शन? आता आमचा वल्हा द्या."

साहेबांनी समजावून सांगितले, की ही भेट दिलेली वस्तू आहे, आता ती कायमची इथलीच.

"दिला म्हंजे? लग्नघरी पातेला देतात, तसा दिला. लग्न सपला का पातेला घरी येतो."

आमच्या गावात तसेच चालते. म्हणून तर वल्हे परत आणते, असा शब्द तिने नवऱ्याला दिला होता. ती साहेबांना सांगत होती, मी इथे आल्यावर तुळशीरामाला अर्धांगवायूचा झटका आला होता. वाचा गेली होती. एकच हात हलायचा, आणि त्याची मूठ करून तो दिवसभर हवेत वल्हवत राहायचा. मी हातात आले तर तो हात निवेल, असे तिला वाटत होते.

 साहेब म्हणाले, की वर लिहून बघतो, पण काही महिने लागतील.

"तवर तो थांबल का?" सुंदराबाईने विचारले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपायलाच हव्यात. इथे मला वाळवी लागणार नाही, हेही खरे. पण एखादी वस्तू जपायला नेताना ती ज्या हाताची आहे, त्या हातालाही आधी विचारत जा.

सुंदराबाई गोधडीची पुन्हा घडी घालू लागली. तेवढ्यात अमिता दोरीखालून आत शिरली. रखवालदाराने पाहिले आणि तोंड दुसरीकडे फिरवले. आजोबांच्या पकडीने माझा दांडा एका जागी झिजून खोल गेला होता. टाचा उंचावून तिने नेमकी तिथे मूठ आवळली आणि बराच वेळ सोडली नाही. मग आजोबांसाठी काहीतरी धरून घेतल्यासारखी ती मूठ तिने तशीच मिटलेली काढून घेतली, दुसऱ्या हाताने वरून झाकली, आणि कोणाचा धक्का लागून उघडू नये म्हणून छातीशी धरून ती आजीमागे चालू लागली.