वाढवलेल्या बांगड्या

रेणुकाने माझ्या ओसरीतल्या खाटेवर दोन साड्या पसरल्या. एक मोरपंखी, जरीकाठाची, तिच्या लग्नातली. दुसरी फिकट राखाडी, कुणाच्या तरी दहाव्याला मिळालेली.

"गुरुजी, उद्या कोणती नेसू?"

पेडगावच्या शाळेत ती चौथीला माझ्या वर्गात होती. मी निवृत्त झालो त्याला अकरा वर्षं झाली, तरी संध्याकाळी आठ-दहा लेकरं पाढे म्हणायला ओसरीवर येतात. तिची नऊ वर्षांची भक्ती त्यांतलीच एक. पाठांतराला तिच्यासारखं पोर मी फार थोडं पाहिलं.

परभणीत एक संस्था ऊसतोड मजुरांच्या मुलींसाठी वसतिगृह चालवते. तिथे मदतनीस बाई हवी होती. राहायला खोली, जेवण, आणि बाईला मुलगी असली तर तिची शाळाही तिथेच. जाहिरातीच्या शेवटी लिहिलं होतं, विधवांना प्राधान्य. ही नोकरी मिळाली नाही तर दिवाळीनंतर रेणुका भावाच्या जोडीने तोडीला जाणार होती आणि भक्ती मोळ्या बांधायला. तिच्या सासूने, गोजरबाईने, मुकादमाला तसा शब्दही दिला होता.

रेणुका विधवा होती का, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. चार वर्षांपूर्वी साताऱ्याकडच्या एका उसाच्या फडावरून तिचा नवरा गोपाळ पहाटे पाणी आणायला गेला, तो परत आला नाही. पोलिसांत बेपत्ता म्हणून नोंद झाली. बाकी काही नाही. गोजरबाई मात्र रोज सकाळी सुनेचं कपाळ आणि हात बघून घ्यायची. कुंकू ठसठशीत पाहिजे, हिरव्या बांगड्या मनगटभर पाहिजेत. त्यात कमी झालं की पोराच्या आयुष्यात कमी झालं, असा तिचा हिशोब.

"कुंकू लावून गेले तर ते म्हणतील हिला नवरा हाय," रेणुका म्हणाली. "पुसून गेले तर आत्याबाई म्हणतील माझा पोरगा मारला. तुमीच सांगा, मी हाय तरी कोण?"

मी बराच वेळ विचार केला. मग म्हणालो, "राखाडी नेस. घरून मात्र रोजच्यासारखी नीघ. परभणीच्या स्टँडवर कुंकू पूस, मंगळसूत्र पर्समध्ये ठेव, बांगड्या उतरव. विचारलं तर एवढंच म्हण, मालक नाहीत."

"घरी न्हाईत का जगात न्हाईत?"

"ते ऐकणाऱ्याने ठरवावं. आपण खोटं बोललो नाही."

ती हसली. "चौथीत खोटं बोलले म्हणून तुमी मला छडी मारली व्हती."

"छडी नव्हती, पट्टी होती."

"लागली छडीवानीच."

दुसऱ्या दिवशी मी सोबत गेलो. परभणीच्या स्टँडवर ती बाथरूममध्ये शिरली ती लवकर बाहेर येईना. आली तेव्हा कपाळ मोकळं होतं आणि डाव्या मनगटाला रुमाल गुंडाळलेला.

"साबण लावूनबी निघंनात," ती म्हणाली. "लय दिवसाच्या हायत."

वसतिगृहाच्या व्हरांड्यात बाकावर मी बसलो. खिडकी उघडी होती, आतलं सगळं ऐकू येत होतं. तिघं जण होते, पण विचारत होत्या त्या मधल्या, वसतिगृह बघणाऱ्या विजयमालाताई. वयस्क बाई, आवाज मऊ. लेकरू रात्री रडायला लागलं तर काय कराल, शंभर भाकरींना पीठ किती लागतं, उवा झाल्या तर काय कराल. रेणुका न अडखळता उत्तरं देत होती. मी मनातल्या मनात मार्क देत होतो.

"मालक?"

"न्हाईत."

"किती वर्षं झाली?"

"चार."

कागदाचा आवाज झाला. कुणीतरी हळहळलं. मग विजयमालाताई म्हणाल्या, "रुमालातून रक्त यायलंय. हाताला काय झालं?"

"काही न्हाई मॅडम. बांगड्या वाढवल्या."

मला बाकावरून उठावंसं वाटलं. आमच्याकडे सवाशीण बांगडी फुटली असं कधी म्हणत नाही. फुटली म्हणणं अभद्र, म्हणून वाढवली म्हणायचं. लहानपणी आईच्या तोंडून ऐकलेला शब्द, विचार न करता येतो.

"विधवेची बांगडी फुटते, बाई," विजयमालाताई हळूच म्हणाल्या. "वाढते ती सवाशिणीची. कधी वाढवल्या?"

"आत्ता. स्टँडवर."

मग तिने सगळं सांगितलं. फड, पहाट, पोलिसांचा कागद. तो कागद पर्समध्येच होता, तोही दाखवला. हे सगळं मी शिकवलं होतं, तेवढं मात्र तिने सांगितलं नाही.

"हा कागद घेऊन, आहे तशी आली असतीस तर आम्ही तुझा विचार केला असता," विजयमालाताई म्हणाल्या. "साठ पोरी आहेत इथे. पहिल्याच दिवशी सोंग करून आलेल्या बाईवर त्या कशा सोपवायच्या?"

मी आत जाऊन माझी चूक सांगितली. त्यांनी पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि पुढच्या बाईला बोलावलं.

स्टँडजवळ कासाराचं दुकान होतं. मी म्हणालो, "चल, बांगड्या भरून घे. कुंकू लाव. घरी काही कळायचं नाही."

ती दुकानापुढे थांबली, पण आत गेली नाही.

"नको गुरुजी. एक सोंग झालं आजचं."

पेडगावला पोचलो तेव्हा गोजरबाई उंबऱ्यात मूग निवडत होती. नोकरीचं तिने विचारलंच नाही. आधी कपाळ बघितलं, मग हात.

"कुठं घावला?" ती म्हणाली. "पोलिसांनी सांगितलं का?"

रेणुका नाही म्हणू शकली असती. मीही म्हणू शकलो असतो. आम्ही दोघंही उभे राहिलो. गोजरबाईने सूप बाजूला सारलं आणि जमिनीवर हात आपटून गोपाळच्या नावाने हंबरडा फोडला. चार वर्षांचं रडणं होतं ते. शेजारच्या बाया धावत आल्या. एकीने रेणुकाला धरून खाली बसवलं, दुसरीने तिचा पदर डोक्यावरून पुढे ओढला. तिने ओढू दिला.

देह नव्हता, तारीख नव्हती, तरी गोजरबाईने दहावा केला. कागदोपत्री मात्र गोपाळ अजून बेपत्ताच आहे.

दिवाळीनंतर मुकादमाचा ट्रक आला. भांडी, सरपण, बोचकी चढवेपर्यंत भक्ती माझ्या ओसरीवर आली. मला वाटलं, पाढ्यांची वही मागायला आली असेल.

"गुरुजी, माझे पप्पा कवा मेले?"

"का गं?"

"पोरी विचारायल्यात. आई सांगंना, आजी नुसती रडायलीय. तुमाला ठावं असंल."

मला माहीत नाही, असं मी म्हणालो. ती तरी थांबली. उत्तर येत नसलं की थोडा विचार करा, घाई करू नका, हे मीच त्या लेकरांना शिकवलं होतं. ती मला वेळ देत होती. ट्रकजवळून रेणुकाने दोनदा हाक मारली, तेव्हा ती गेली.