मुठीत पेटणारा दिवा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, मधली वाट भरली, तरी माणसं आत घुसतच होती. मंचावर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत तेजबाबा बसले होते. त्यांनी समोरच्या वाडग्यातल्या पाण्यात बोटं बुडवली, डोळे मिटले आणि पेटीतून एक बल्ब उचलून त्याचं बूड मुठीत धरलं. ना तार, ना बटण. बल्ब लख्ख पेटला आणि मागचे लोक टाचा उंचावून बघायला लागले.

"वीज तारेतून येते असं तुम्हाला शाळेत शिकवलं," बाबा म्हणाले. "शाळेत शिकलेलं किती उपयोगी पडलं, ते तुमचं तुम्हालाच ठाऊक. वीज मनात असते. मन निर्मळ, तर दिवा प्रसन्न. हा दिवा घरात लावा. विजेचं बिल उतरेल, कटकटी उतरतील, डोळ्यांवरचं सावट उतरेल."

बिलापासून डोळ्यांपर्यंत बाबा एका दमात पोचले. मी मनात म्हटलं, जिभेला हाड नसतं ते असं.

तरी लोकांचा विश्वास बाबांमुळे बसला नव्हता. तो बसला माझ्या भाऊजींमुळे. भाऊजींचं विजेच्या सामानाचं दुकान आहे आणि अख्ख्या वस्तीच्या घरांतले दिवे त्यांनीच लावलेत. ते उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "माझा उभा जन्म दिवे विकण्यात गेला. असा दिवा मी पाहिला नाही." झालं. दिव्यांचा जाणकारच असं म्हणतो म्हटल्यावर बाकीच्यांनी कशाला डोकं चालवायचं?

मी मागून हात वर केला. "बाबा, माझ्या हातात द्या की."

बाबांनी हसून बल्ब दिला. मी तो बुडाशी घट्ट धरला, फिरवला, दाबला. ढिम्म. "शंकेखोर हातात अंधारच राहतो," बाबा हळहळले आणि लोक माझ्याकडे बघून हसले. पहिल्या रांगेत बसलेली माझी ताई, म्हणजे भाऊजींची बायको, तिनं तर लाजेनं मान खाली घातली.

मी दातांच्या कवळ्या करतो. तोंड उघडलं की खोटे दात कुठले आणि खरे कुठले, हे मला लांबून कळतं. माणसांच्या बाबतीत मात्र मी साफ आंधळा निघालो.

ताईला काचबिंदू आहे. हा दुखत नाही, खुपत नाही. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेकडेनं गुपचूप खायला लागतो. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं होतं, "थेंब रोज घालायचे. जेवण चुकलं तर चालेल, थेंब चुकायचे नाहीत."

बाबांचे दिवे घरात आले आणि ताईनं थेंब बंद केले. मला हे कळलं तेव्हा बाटली कपाटात मागे ढकललेली होती.

"अगं, वेड लागलंय का तुला?"

"वेड तुलाच लागलंय. हे बघ." तिनं सुई घेतली, दोरा घेतला आणि पहिल्याच झटक्यात ओवला. "आजवर जमत होतं का मला? आणि बिल बघ, केवढं खाली आलंय. दिवा गरमसुद्धा होत नाही. हात लावून बघ ना."

सुई ओवली गेली होती, यात खोटं काही नव्हतं. म्हणूनच मी जास्त चिडलो. भाऊजी खिडकीशी बसून नखं कापत होते. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही तरी सांगा हिला."

"श्रद्धेचा प्रश्न आहे," ते नखांकडेच बघत म्हणाले. "मी कसा मध्ये पडू?"

पुढे एकदा माझ्या कामाच्या टेबलावरचा बल्ब गेला. भाऊजींकडे जायची इच्छा नव्हती, म्हणून बाजाराच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानात गेलो. म्हटलं, वीज गेली तरी चालणारा बल्ब द्या. दुकानदार फोनवर कुणाशी तरी भांडत होता. भांडता भांडताच त्यानं एक बल्ब काढला, दोन बोटं जिभेला लावली आणि बुडाच्या दोन टिकल्यांवर टेकवली. बल्ब लख्ख पेटला. "चालू आहे, घ्या," म्हणून त्यानं तो पुढे केला आणि पुन्हा भांडायला लागला.

मी तिथंच खिळलो. "हा पेटला कसा?"

"आत बॅटरी आहे, साहेब. ओलं बोट दोन्ही टिकल्यांना लागलं की आतल्या यंत्रणेला वाटतं, वीज गेली आणि बटण चालू आहे. कोरड्या हातानं नाही पेटत. गिऱ्हाइकाला देताना आम्ही सगळेच असं बघून देतो."

माझे हात कवळ्यांच्या साच्यांच्या प्लास्टरनं सदा कोरडेठाक. बाबांची बोटं वाडग्यात. पण या गोष्टीनं मला धक्का बसला नाही. मला ऐकू येत होते त्याचे शेवटचे शब्द, आम्ही सगळेच असं बघून देतो. सगळेच म्हणजे भाऊजीही. मी त्यांच्या दुकानात शेकडो वेळा बसलोय. त्यांनी जिभेला बोट लावून दिवा पेटवलेला मी पाहिला नव्हता, कारण मी कधी लक्षच दिलं नव्हतं.

बाबांच्या पुढच्या सभेला मी त्याच दुकानातले बल्ब पिशवी भरून नेले, सोबत पाण्याची बाटली. बाबांचा दिवा पेटला तसा मीही उठलो आणि पुढच्या रांगांत बल्ब वाटत सुटलो. "बोटं ओली करा आणि या दोन टिकल्यांना लावा. मन कसंही असू दे." शिंपीणबाईंच्या हातात पेटला. पोस्टमनच्या हातात पेटला. सासूशी वर्षानुवर्षं न बोलणाऱ्या सुनेच्या हातात पेटला आणि सासूच्याही हातात पेटला. लोक आधी दचकले आणि मग हसायला लागले.

मग मी सगळं सांगितलं. जुना बल्ब बरीचशी वीज उष्णतेतच घालवतो, उजेड थोडाच देतो. हा नवा एलईडी बल्ब थोड्या विजेत जास्त उजेड देतो, तापत नाही, वर्षानुवर्षं टिकतो. बिल उतरलं ते म्हणून. कुठल्याही दुकानातून आणून लावला असता तरी उतरलं असतं. आणि खोली उजळली, म्हणून सुई ओवली गेली. डोळा होता तसाच आजारी राहिला.

"नास्तिकांशी मी वाद घालत नाही," म्हणत बाबा उठले आणि मागच्या दारानं गेले. त्यांच्यामागे कुणी धावलं नाही.

ताई मात्र बल्ब हातात धरून भाऊजींकडे वळली. तिचा आवाज अगदी साधा होता.

"अहो, तुम्हाला माहीत होतं?"

भाऊजी आपल्या नखांकडे बघायला लागले.

"बाबांचे दिवे तुमच्याच दुकानातून जात होते?"

"दुकान बसलं होतं गं. माल पडून होता. त्यात कुणाचं नुकसान होतं? दिवा तर चांगलाच आहे." मग घाईघाईनं म्हणाले, "आणि औषध बंद कर असं मी तुला कधी म्हटलं नाही."

"बंद करू नको, असंही नाही म्हणालात," ताई म्हणाली. "रोज बघत होतात."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तपासलं. डाव्या बाजूची नजर गेली होती. थेंब पुन्हा सुरू झाले, उरलेली टिकेल म्हणाल्या. गेलेली परत येत नाही. बाहेर येऊन मी भिंतीला टेकून रडलो. ताई रडली नाही.

घरातले दिवे काढून फेकावेत, असं मला वाटत होतं. ताईनंच अडवलं. "राहू दे. त्या बिचाऱ्या बल्बनं काय केलंय? उजेड देतो म्हणाला, उजेड दिला." मला तिचं पटलं. तुम्हीही लावा हे दिवे. बिल कमी येईल, खोली कमी तापेल, वाचताना डोळ्यांना ताण कमी पडेल. पण दिव्याकडून दिव्याचंच काम घ्या. औषधाचं काम औषध करतं. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर फक्त एवढंच म्हणा, तो माझ्या हातात द्या आणि तुमच्या हाताला काय लावलंय ते मला सांगा. ग्वाही देणारा जाणकार असेल, घरचा असेल, तरी म्हणा. हे शेवटचं लिहिताना माझा हात जड होतोय, पण लिहितो.

ताई आणि भाऊजी एकाच घरात राहतात. ती त्यांच्याशी भांडत नाही, टोमणेही मारत नाही. परवा आम्ही तिघं दवाखान्यातून निघालो. दारातून बाहेर पडताना भाऊजी तिच्या डाव्या बाजूला होते. ते हळूच म्हणाले, "पायरी आहे, जपून."

ताई थांबली. तिनं पाऊल पुढे सरकवून नीट चाचपून पाहिलं आणि मगच उतरली.

पायरी होती.