चोवीसशे वाव वर

डहाणूजवळच्या वरोरचा नविन जन्मभर खोली मोजत आला होता. उंची मोजायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. तीस वर्षं तो होडीचा तांडेल. दोन्ही हात आडवे ताणले की एक वाव. अशा किती वाव दोरी पाण्यात गेली त्यावरून खाली चिखल आहे की खडक, हे तो न बघता सांगायचा. होडीवर त्याचा शब्द शेवटचा. जमिनीवर, त्यातही चढावर, मात्र त्याचं काही चालायचं नाही. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला तो दर वर्षी जायचा तो खालच्या देवळापर्यंत. गडावरच्या देवीला पायथ्यावरूनच हात जोडायचा आणि म्हणायचा, "आई, तू वर, मी खाली. तुला दिसतोय ना, झालं तर."

मुलगी दक्षा मात्र बापाच्या अगदी उलट निघाली. कॉलेजात असताना गडकिल्ले झाले, मग उत्तराखंडात जाऊन गिर्यारोहणाचा कोर्स, मग चार वर्षं पुण्याच्या एका मंडळाबरोबर हिमालयात माणसं नेणं-आणणं. अठ्ठाविसाव्या वर्षी तिनं ठरवलं, आता आपली टोळी आपण न्यायची. डहाणू-तलासरीकडची आठ माणसं घ्यायची आणि स्पितीच्या खोऱ्यात गावोगाव पायी फिरवायची. तंबू नाहीत. सकाळी एका गावातून निघायचं, दुपारपर्यंत दुसरं गाव गाठायचं आणि तिथं कुणाच्या तरी घरी मुक्काम करायचा.

एप्रिलातल्या एका रविवारी सकाळी ही मंडळी नविनच्या ओट्यावर जमली. नविन कोपऱ्यात जाळं सांधत बसला होता. दक्षाने मोठा नकाशा पसरला, वाऱ्याने उडू नये म्हणून जाळ्याची शिसं चारी कोपऱ्यांवर ठेवली आणि एकेका गावावर बोट टेकवत सांगू लागली.

"हे काझा. समुद्रसपाटीपासून साडेछत्तीसशे मीटर. हे लांग्झा, चव्वेचाळीसशे. हे कोमिक, त्याच्याही वर."

समुद्र म्हटल्यावर नविनची सुई थांबली.

"कुठल्या समुद्रापासून?"

"सगळ्याच, पप्पा. समुद्रसपाटी म्हणजे पाण्याची पातळी."

"भरतीची का ओहोटीची?"

लोक हसले. पण नविन काही थट्टा करत नव्हता. "आमावस्येला आपल्याकडं अडीच-तीन वावांचा फरक पडतो. म्हणून विचारलं."

दक्षाने फोनमध्ये बघितलं. "वर्षानुवर्षं दोन्ही मोजतात आणि मधली पातळी धरतात."

"म्हणजे आपल्या दारातल्या पाण्यापासून?"

"तसंच समज."

"आणि त्या वरच्या गावातली माणसं आपली उंची सांगतात, ती आपल्या दारापासून सांगतात?"

"हो की."

नविनने जाळं बाजूला ठेवलं. "चव्वेचाळीसशे मीटर म्हणजे वाव किती?"

दक्षाने हिशेब केला. "चोवीसशे."

नविनची दोरी आजवर चाळीस वावांच्या खाली गेली नव्हती. तो उठून अंगणात गेला, दोन्ही हात पसरून उभा राहिला, आधी या हाताच्या बोटांकडे बघितलं, मग त्या हाताच्या, आणि मग सुरूच्या शेंड्यांवरून थेट वर आभाळात. असे चोवीसशे नविन एकावर एक. आणि त्या टोकावर माणसं राहतात, त्यांची घरं आहेत, चुली आहेत.

"काय पिकतं तिथं?" त्याने तिथूनच विचारलं.

"वाटाणा. आणि जव."

"बरं," नविन म्हणाला. पण परत येऊन बसल्यावर त्याने सुई काही हातात घेतली नाही.

पुढची गोष्ट वाटेची होती, आणि वाद तिथंच पेटला. आशागडचा प्रविण बँकेत कामाला, त्याला नऊ दिवसांचीच रजा मिळणार होती. त्याचं म्हणणं, मनालीवरून घाट चढून एका दिवसात काझा गाठू. दक्षाला तो रस्ता पसंत नव्हता. पण प्रविण गळला की त्याचे दोन मित्रही गळणार, आणि पहिल्याच खेपेला माणसं गळली तर टोळी कसली न्यायची, या काळजीने ती गप्प होती. शेवटी तिनं लांग्झाच्या लोबझंगला व्हिडिओ कॉल लावला. तिकडची वाट, घरं, घोडी, सगळं हाच बघणार होता. पस्तिशीचा, उन्हाने रापलेला, बोलायला मोकळा माणूस.

प्रविणचा बेत ऐकून तो हिंदीत म्हणाला, "मनालीवरून एकदम वर आणलंत ना दीदी, तर तुमचे पाहुणे माझ्या घरी जेवायला नाही, निजायला येतील. शिमल्यावरून या. किन्नौरातून हळूहळू वर चढा. ताबोला एक रात्र, काझाला दोन, मग माझं गाव. बारा दिवस लागतात. घाई असेल तर पुढच्या वर्षी या, डोंगर कुठं जात नाहीत."

"पोरं धावतात तिथं," प्रविण म्हणाला. "आपण चालायचं तर आहे. एवढं काय होतं?"

तेव्हा नविन बोलला. "प्रविण, गळाला लागलेला हेकरू वर घेतलेला बघितलायस कधी?"

"मासा? नाही, काका."

"तीस वाव खालून झरझर ओढला तर वर येईतो डोळे बाहेर, पोटातला फुगा तोंडात. कुणी मारलेला नसतो. खाली चांगला जिवंत असतो. वर येण्यानं नाही मरत तो. घाईनं मरतो."

"अहो काका, तो मासा. आपण माणसं."

"आपण तरी काय," नविन म्हणाला, "तळातलेच."

फोनमधला लोबझंग "क्या बोले अंकलजी?" असं दोनदा विचारत राहिला. दक्षाने त्याला हिंदीतून सांगितलं, तसा तो इतका खो खो हसला की फोन त्याच्या हातून खाली पडला आणि ओट्यावरच्या सगळ्यांना क्षणभर एक निळं, कधी न पाहिलेलं निळं आभाळ दिसलं.

दक्षाने त्याच बैठकीत बारा दिवस कायम केले. प्रविण रागावला नाही, पण गळला. मित्र मात्र राहिले. आता आठातली एक जागा मोकळी झाली.

ती कुणी भरायची ते ठरवलं नविनच्या बायकोने, सुषमाने. मासळी वाळत घालता घालता ती म्हणाली, "तूच जा की. जून-जुलै मासेमारीला बंदी. दोन महिने घरात बसतोस आणि जाळं सांधतोस कमी, माझं डोकं उसवतोस जास्त."

"मी? मी गडावर नाही चढलो कधी."

"मग आधी गड चढ."

नविनने हसण्यावारी नेलं, पण ते निळं त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. चार दिवसांनी त्याने डहाणूच्या डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब बघून घेतला, छातीचा कागद काढून घेतला आणि दक्षापुढे ठेवला. दक्षाने कागद दोनदा वाचला. "पप्पा, तिथं मी मुलगी नाही हां. मी सांगेन तिथं थांबायचं, सांगेन तेव्हा मागं फिरायचं."

"होडीवर मी खलाशांना हेच सांगतो. कबूल."

चढायला त्याला शिकवलं काकड्याने. हा रानशेतचा, पंधरा वर्षं नविनच्या होडीवर खलाशी. महालक्ष्मीच्या गडावर तो नविनला पहाटे पहाटे घेऊन जाऊ लागला. पहिल्या दिवशी नविन निम्म्यातच बसला.

"होडीवर तुझं ऐकतो ना मी?" काकड्या म्हणाला. "इथं माझं ऐक. पाऊल लहान टाक. बोलू नको. वर बघू नको, वर आपोआप येतं."

दोन आठवड्यांनी ते आपोआप आलं. नविन वरच्या देवीपुढं उभा राहिला आणि त्याने डोकं टेकलं. मागं वळून बघितलं तर खाली वाड्या, झाडी, आणि पार टोकाला चमकणारी एक रेघ. तो समुद्र होता. ज्याच्यावर आयुष्य गेलं तो एवढाच दिसत होता, सुताएवढा. नविन बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिला.

जूनच्या अखेरीला टोळी निघाली. चंदीगडपर्यंत रेल्वे, पुढं गाडी. सतलजच्या काठानं रस्ता वर वर जाऊ लागला तशी झाडं आधी बदलली, मग विरळ झाली, मग नाहीशीच झाली. आपल्याकडं डोंगर म्हणजे हिरवा, अशी नविनची समजूत. इथले डोंगर नागडे होते: जांभळे, पिवळे, राखेचे, आणि असे दुमडलेले, पिळलेले, जसं कुणीतरी ओलं कापड पिळून वाळत टाकावं. तो गाडीत पुढं बसला होता आणि दिवसभरात चार वाक्यं बोलला नाही. मागचे विचारत, "काका, बरं आहे ना?" तो नुसता हात वर करी.

काझाला मात्र त्याला खरंच बरं नव्हतं. संध्याकाळी तो ताटावरून उठला. डोकं घणाघण वाजत होतं, जिना चढताना मध्ये थांबावं लागलं. समुद्रात वादळ बघितलेला माणूस, पण त्याला भीती वाटली ती या शांततेची, जिथं वारा आहे, ऊन आहे, सगळं आहे, आणि छातीत घ्यायला हवाच पुरत नाही. दक्षाने बोटाला चिमटा लावून रक्तातल्या प्राणवायूचा आकडा बघितला, गरम पाणी पाजलं आणि म्हणाली, "उद्या काही नाही. उद्या फक्त बसायचं. परवाही बरं वाटलं नाही तर तू खाली, लोबझंगच्या भावाबरोबर."

दुसरा दिवस नविन गच्चीवर उन्हात बसून राहिला. दुपारी त्याला भूक लागली. तिसऱ्या सकाळी डोकं हलकं झालं होतं. दक्षाने आकडा बघितला, पुन्हा बघितला आणि बुटांची नाडी बांधायला सांगितली.

लांग्झाला ते दुपारी पोचले. वीस-पंचवीस पांढरी घरं, मातीची, चपट्या छपरांची. खाली वाटाण्याची कोवळी शेतं. उंचावर डोंगराकडे तोंड करून बसलेली बुद्धाची मोठी मूर्ती. आणि सगळ्यांच्या मागं एकच एक बर्फाचं शिखर, इतकं जवळ की हात लावावा. गावात आवाज म्हणाल तर पाटाच्या पाण्याचा आणि कुठंतरी लांब याकाच्या गळ्यातल्या घंटेचा. नविन शेताच्या बांधावर थबकला. तो मनातल्या मनात काहीतरी मोजत होता आणि मोजता मोजता विसरत होता.

लोबझंगची आई, तिला सगळे अमा म्हणत, दाराशी चहा घेऊन उभी होती. लोणी-मिठाचा चहा. पाहुणे समुद्रावरून आलेत हे लोबझंगने तिला आधीच सांगितलं होतं. चहा झाल्यावर ती आत गेली आणि देवापाशी ठेवलेले दोन दगड ओच्यात घेऊन आली. एक तिनं नविनच्या हातात दिला.

काळा, जड, गुळगुळीत दगड. त्यात गोल गोल वळत गेलेला एक शंख, रेघन्‌रेघ शाबूत. नविनला वाटलं, कुणीतरी कोरलाय. मग अमाने दुसरा दगड दिला. हा ओळखीचा होता. शिंपला. पंख्यासारख्या चिरा, मधली बिजागरी, कडेची झिजलेली किनार. ओहोटीला वरोरच्या खडकांत बायका असलेच शिंपले टोपलीभर वेचतात. फक्त हा दगडाचा होता.

"हा इथं कुणी आणला?" त्याने विचारलं.

"आणला नाही कुणी," लोबझंग म्हणाला. "वरच्या नाल्यात मिळतात. अंकलजी, हा सगळा डोंगर पूर्वी समुद्राखाली होता. माणूस जन्मला नव्हता तेव्हा. मग जमीन वर उचलली गेली."

नविनने शिंपला नाकाशी नेला. वास नव्हता. कानाशी नेला. त्याने समोरच्या शिखराकडे बघितलं, पायाखालच्या मातीकडे बघितलं. इथं तळ होता. इथं चिखल असेल, खडक असेल. ज्याच्यावर आपण उभे आहोत, त्याच्या किती वाव वर पाणी असेल? आणि कुणी एवढा मोठा तळ वर ओढला, आणि किती सावकाश ओढला, की असली नाजूक शिंपसुद्धा फुटली नाही? त्याचे डोळे भरून आले. त्याला ते पुसावेसेही वाटले नाहीत.

अमा त्याच्याकडे टक लावून बघत होती. तिनं काहीतरी विचारलं, लोबझंगने हिंदीत सांगितलं. "अमा विचारते, तुमचं पाणी खरंच खारट असतं? एवढं मीठ टाकतं कोण?"

"ठाऊक नाही, अमा."

"ते रात्रीचंही हलायचं थांबत नाही म्हणे?"

"नाही थांबत. कधीच नाही."

अमाने मान हलवली आणि पुन्हा बोलली. लोबझंग हसत होता, पण त्याने नीट सांगितलं. "म्हणते, ते इथून गेलं तर गेलं. परत येणार आहे का? म्हणजे आम्हाला तयारीत राहायला बरं."

नविन हसला नाही. तांडेलाला पाण्याबद्दल विचारलं की तो खरं तेच सांगतो. "येईल, अमा. पण आपण नसू. त्याला घाई नसते."

अमाला हे पटलं असावं. तिनं दोन्ही दगड परत घेतले, शालीने पुसले आणि होते तिथं नेऊन ठेवले. इथले दगड इथंच राहतात, कुणी न्यायचे नाहीत, हे लोबझंगने टोळीला बजावूनच ठेवलं होतं. नविनच्या मनात न्यायचं आलंही नव्हतं.

ऊन उतरलं तसं शिखर आधी पिवळं झालं, मग केशरी, मग विस्तवासारखं. बाकीचे फोटो काढून थंडीने आत गेले. नविन पायरीवर तसाच बसला होता. दक्षा शाल घेऊन आली आणि त्याच्या शेजारी टेकली.

"दक्षा," तो म्हणाला, "चार वर्षं तू हे असलं बघत होतीस?"

"हो."

"आणि घरी येऊन आम्हाला काय सांगायचीस? ट्रेक छान झाला."

"मग काय सांगायचं होतं, पप्पा?"

नविनने खूप विचार केला. "बरोबर आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या सकाळी ते कोमिकच्या वाटेला लागले आणि पाचव्या दिवशी आठच्या आठ माणसं, वाट संपते त्या धनकरच्या मठाखाली धडधाकट उतरली. रेंज आल्याबरोबर सुषमाचा फोन आला. तिकडे पाऊस पडत होता, कौलांवरचा आवाज फोनमधून ऐकू येत होता.

"कसं झालं?" तिनं विचारलं.

"छान झालं," नविन म्हणाला. मग तो तिकडचा पाऊस ऐकत राहिला. सुषमानेही काही विचारलं नाही, आणि फोन ठेवलाही नाही.