बदलायचं तर सांगून

गिरिधरराव वीज खात्यातून निवृत्त झाले, पण त्यांचा हेका काही निवृत्त झाला नाही. सक्करदऱ्याच्या तान्हा पोळ्यात लाकडी नंदी सजवून आणणाऱ्या पोरांना गुण द्यायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होतं, आणि एकदा दिलेला गुण त्यांनी आजवर बदलला नव्हता. पोरांच्या आया रुसल्या, बाप भांडले, हे आपले ढिम्म! यंदा मात्र मंडळाचे अध्यक्ष चंपतराव, म्हणजे त्यांचे रोजचे फिरायचे सोबती, म्हणाले, "आता गुण सगळ्यांसमोर बोर्डावर दिसले पाहिजेत. आन् एक जरी चूक झाली, तं पुढच्या साली परीक्षक दुसरा."

झालं! गिरिधररावांनी दिव्यांचा बोर्ड स्वतः जोडला आणि तो चालवणारा प्रोग्रॅमही आपणच लिहायचा विडा उचलला. सून लतिका घरी बसून कंपनीचं काम करायची, रस्ट नावाच्या संगणकाच्या भाषेत. तिलाच त्यांनी गुरू केलं.

पोळा आठवड्यावर आला आणि स्क्रीन लालेलाल; लिहिलेलं तपासणारा कंपायलर चुकाच चुका दाखवत होता.

"लतिका, हा कंपायलर काहून अडून राहिला वं? मी तर नुसती बेरीज करून राहिलो."

"बाबा, एकूण गुण शून्य, असं तुम्ही आधीच सांगून बसलात, आणि आता त्यात भर घालताय. इथे एकदा सांगितलेली किंमत बदलत नाही. बदलणार असेल तर आधी 'म्यूट' लिहायचं. बघा, त्यानेच खाली सुचवलंय."

गिरिधरराव चिडले आणि दिसेल तिथे म्यूट लिहीत सुटले. पूर्ण गुण वीस, हे 'कॉन्स्ट' म्हणून लिहिलं होतं, त्यालाही सोडलं नाही. कंपायलर आणखीच भडकला. लतिका हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी राहिली.

"कॉन्स्ट म्हणजे कायमचं, बाबा. ते बदलणारं कसं असेल? आणि स्पर्धकाचा क्रमांक तुम्ही कुठेच बदलत नाही, मग त्याला म्यूट कशाला, असंही विचारतोय तो."

"बदललं तरी याले तकलीफ, नाही बदललं तरी तकलीफ!"

"बदलाची तकलीफ नाही. न सांगता केलेला बदल त्याला चालत नाही. आधी सांगा, मग खुशाल बदला."

इतका सरळ साहेब गिरिधररावांना खात्यात एकही भेटला नव्हता. कंपायलर त्यांना एकदम आवडूनच गेला, आणि मग रोज सकाळी तलावाभोवती फिरताना चंपतरावांना म्यूट आणि कॉन्स्ट ऐकणं भाग पडलं.

एका ठिकाणी मात्र ते अडले. एकदा दिलेला गुण दुरुस्त करायची एक ओळ लतिकेने घातली होती. कंपायलर म्हणाला, मग गुणालाही म्यूट लिहा. गिरिधररावांनी म्यूट काही लिहिलं नाही. त्या ओळीआधी दोन तिरप्या रेघा मारल्या, म्हणजे कंपायलर ती वाचणारच नाही.

"माझा गुण बदलत नसतो," ते म्हणाले.

तान्हा पोळ्याला मैदान गजबजलं. बोर्ड झकास चालला. मग मयुरा नावाची चिमुरडी आपला नंदी ओढत आली. पाठीवर आईच्या साडीच्या काठाची झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू. गिरिधरराव खूश! त्यांनी सोळा दिले, पण एकाचं बटण नीट दाबलंच गेलं नाही. बोर्डावर लखलखला सहा.

मयुरेचा चेहरा पार उतरला.

मुलगा सुमंत कानाशी लागला. "बाबा, बंद करून पुन्हा चालू करतो, तुम्ही नव्यानं सोळा भरा. लाइट गेली म्हणू. कोणाले समजते?"

खरंच कोणाला समजलं नसतं. परीक्षकाची खुर्चीही राहिली असती. गिरिधररावांनी एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा मयुरेकडे, आणि माइक उचलला.

"ऐकून घ्या. मयुरेचे गुण सोळा आहेत. चूक माझी झाली. मी गुण बदलून राहिलो."

गिरिधरराव लॅपटॉपपुढे बसले. दोन रेघा पुसल्या, गुणाआधी म्यूट लिहिलं. कंपायलरने एका शब्दाने कुरकुर केली नाही. बोर्ड पुन्हा पेटला, दुरुस्ती भरली, आणि सहाच्या जागी सोळा आले. मयुरा नंदी घेऊन अशी पळाली की घुंगरू तुटायचंच बाकी होतं. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

गिरिधररावांनी माइक चंपतरावांच्या हाती दिला. "अट म्हणजे अट. पुढच्या साली दुसरा परीक्षक पाहा गा."

चंपतरावांनी माइक तोंडाशी धरला. "आठ दिवस यानं माहं डोकं खाल्लं, म्हणून मलेबी थोडं समजते. माही अट कॉन्स्ट नव्हती गा! सगळ्यांसमोर सांगून बदलून राहिलो. पुढच्या सालीबी परीक्षक हाच!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. गिरिधररावांचे डोळे भरून आले आणि ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही. शेवटी लतिकेनेच पुढच्या नंदीचा क्रमांक पुकारला.