यमूचा खड्डा

ग्रहण लागायच्या आत नथूनं उकिरड्याशेजारी खड्डा खणून ठेवला, तेव्हा मंजुळाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दीड वर्षाची झाली तरी त्याची लेक यमू बसत नव्हती, मान धरत नव्हती. ग्रहण सुटेपर्यंत लेकरू कमरेइतकं मातीत पुरलं की पायात जोर येतो, असं सारं वडिवळे गाव सांगत होतं. भावजय बाळंतपणात गेल्यापासून यमूला वाढवणाऱ्या मंजुळाला, तिच्या विधवा आत्याला, कुणी विचारलं नव्हतं.

"आक्का, आण तिला. तिच्या भल्यासाटीच करतोय."

"एकदा तरी मांडीवर घेतलीस का रं तिला? मी नुसती खोकले तरी डोळं फिरवून हुडकती मला. हाय का ठावं तुला?"

ऊन काळवंडायला लागलं. मंजुळा यमूला छातीशी धरून स्वतःच खड्ड्यात पाय सोडून बसली.

"ओढ माती. आदी माज्या पायांवर."

नथूनं फावडं उचललं, तसंच खाली टाकलं आणि लेकीला घ्यायला हात पुढं केले. यमू परक्या माणसाला बघून रडावं तशी रडायला लागली.

मंजुळानं तिला उगी केलं नाही. ऐकू दिलं त्याला.