काकींच्या मनगटावर, काकांच्या नावावर

मित्रांनो, मी एक जुनं मनगटी घड्याळ आहे. जुनं म्हणजे किती, तर अवघ्या साडेतीन वर्षांचं. आमच्यात एवढ्यातच म्हातारपण येतं. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे, बॅटरी भर दुपारी मान टाकते आणि माझ्या काळ्या पट्ट्याला एक भोक जास्तीचं आहे. ते कारखान्यात पाडलेलं नाही. माझी सगळी गोष्ट त्या भोकापाशी येऊन थांबते, म्हणून ते आधीच सांगून ठेवतो.

माझ्या पोटात एक हिरवा दिवा आहे. तो कातडीतून आत डोकावतो आणि रक्त कसं धावतंय ते बघतो. त्यावरून मी नाडीचे ठोके मोजतो. माणूस स्वस्थ बसलेला असताना ठोके वेडेवाकडे पडू लागले, तर तेही मला कळतं. मालाडच्या दुकानात मला विकणाऱ्या मुलीने सुबोधला हे सगळं नीट समजावून सांगितलं होतं. ठोके असे बेताल झाले की हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते, ती मेंदूत गेली की माणूस लुळा पडतो, पण वेळेवर कळलं तर गोळ्यांनी धोका पुष्कळ कमी होतो. मी दुकानातल्या काचेमागे हे ऐकत होतो आणि मला माझा फार अभिमान वाटत होता. तेव्हा मी नवा होतो, मला माणसं ठाऊक नव्हती.

सुबोध तावडेने मला त्याच्या वडिलांसाठी घेतलं. जयवंतकाका नुकतेच ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. नाहूर स्टेशनच्या पूर्वेला बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. काका, प्रेमाकाकी, सुबोध आणि त्याची बायको रुचिरा, अशी चार माणसं. काकांचे वडील कोकणातून येऊन गिरणीत लागले होते, आणि "आमच्या घराण्यात आळशी कोणी नाही" हे काकांचं आवडतं वाक्य होतं. ते हे वाक्य बहुतेक वेळा आडवे पडून म्हणत.

सुबोधने मला चालू केलं आणि माझ्यात नाव भरलं: जयवंत तावडे, वय साठ, पुरुष. मित्रांनो, हे लक्षात ठेवा. नाडी कुणाची आहे ते मला कळतं, पण बोलायला माझ्याकडे ठरलेली पाचपंचवीस वाक्यंच आहेत आणि त्यांवर नाव एकच लागतं, जे तुम्ही भरता ते.

पहिले काही महिने मजेत गेले. मग काकांच्या ज्येष्ठ नागरिक संघाने स्पर्धा काढली. शंभर दिवस, रोज आठ हजार पावलं. संध्याकाळी सहाला प्रत्येकाने घड्याळाचा फोटो ग्रुपवर टाकायचा. एकही दिवस न चुकवणाऱ्याचा संघाच्या हॉलमध्ये सपत्नीक सत्कार, शाल, श्रीफळ आणि भाषणाची संधी. सेक्रेटरी चंद्रप्रकाश स्वतः फोटो तपासत. काकांनी पस्तीस वर्षं ऑफिसात दुसऱ्यांची भाषणं ऐकली होती. त्यांना ही संधी हवीच होती.

आठ दिवस ते चालले. नवव्या दिवशी पोटऱ्या भरून आल्या. साडेचार वाजले होते आणि माझ्यात पावलं होती जेमतेम दोन हजार. काकी पिशवी घेऊन भांडुपच्या बाजारात मासळी आणायला निघाल्या होत्या.

"थांब गं," काका म्हणाले. "हात कर बघू पुढे."

"माका कशाला घड्याळ?"

"दिवसभर इकडून तिकडे नाचतेस. तुझी पावलं फुकटच जातात ना? माझ्या नावावर लागू देत."

काकी हसल्या आणि त्यांनी हात पुढे केला. मला ते हसू आजही आठवतं. नवऱ्याला आपलं काहीतरी उपयोगी पडतंय, याचाच त्यांना आनंद झाला होता. पण काकांच्या जाडजूड मनगटाचा पट्टा त्यांच्या काडीएवढ्या हातावर सैल होऊ लागला. मग काकांनी गॅसवर दाभण लाल केलं आणि माझ्या पट्ट्याला शेवटच्या भोकाच्याही पुढे एक भोक पाडलं. मला तेव्हा दुखलं नाही.

त्या दिवसापासून हीच रीत पडली. सकाळी काका मला बांधून बागेत एक फेरी मारत, सगळ्यांना दिसेल अशी. घरी आले की मला काकींच्या हातात अडकवून बाकड्यावर पत्ते खेळायला जात. पावणेसहाला मला सोडवून स्वतःच्या हातात बांधत आणि फोटो काढत. काकी तीन मजले दिवसातून पाच वेळा चढत. दळण, भाजी, सुबोधचा डबा, वाळवणाला गच्ची, काकांची बनियन खाली पडली म्हणून पुन्हा खाली. आठ हजार पावलं त्यांची तीन वाजेपर्यंतच होत. ग्रुपवर मात्र लोक लिहीत, "तावडेसाहेब, या वयात कमाल आहे तुमची!" काका ते वाचून काकींना ऐकवत, आणि काकी म्हणत, "खरंच हो."

एक्केचाळिसाव्या दिवशी, दुपारी पावणेतीनला, काकी ओट्याचं काम आवरून जमिनीवर कलंडल्या. मी मोजत होतो. एक ठोका, मग दोन घाईघाईत, मग एक आलाच नाही, मग चार एकावर एक. मी उतावीळ नाही. मी पुन्हा मोजलं, थोडं थांबून पुन्हा मोजलं. मग मी थरथरलो आणि माझं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य काचेवर लिहिलं: हृदयाचे ठोके अनियमित दिसत आहेत, डॉक्टरांना भेटा. पण सुबोधने माझी भाषा इंग्रजी ठेवली होती. काकींनी काच डोळ्यांजवळ नेली, त्यांना वाटलं आठ हजार झाली. त्यांनी मला प्रेमाने थोपटलं आणि कुशीवर वळल्या.

संध्याकाळी काकांचा फोन जवळ आला तसा माझा निरोप त्यावर गेला. तो सुबोधने वाचला. तोपर्यंत मी काकांच्या हातात होतो.

"बाबा! हार्टचं आहे हे! तुम्ही आधी बसा, उठू नका!"

घरभर धावपळ झाली. काकांचा चेहरा उतरला. काकींनी त्यांना पाणी दिलं, देवापुढे दिवा लावला, आणि आपल्या नवऱ्याला काय झालं म्हणून पदर तोंडाला लावून रडल्या.

दुसऱ्या दिवशी चंद्रप्रकाश आपली गाडी घेऊन आले. स्पर्धा त्यांची, म्हणून जबाबदारीही त्यांची, असं ते म्हणाले आणि थेट डॉक्टरांच्या खोलीत येऊन बसले. डॉक्टर संघमित्रा मुलुंडच्या, हृदयाच्या तज्ज्ञ. त्यांनी काकांच्या हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, ती व्यवस्थित निघाली. मग त्यांनी मला हातात घेतलं, वेळ पाहिली आणि अगदी बरोबर प्रश्न विचारला.

"काका, हे घड्याळ तुमच्याच हातात असतं ना? काल पावणेतीनलाही होतं?"

खोलीत चार माणसं होती. काकांनी चंद्रप्रकाशांकडे पाहिलं.

"आंघोळ सोडली तर कायम माझ्याच हातात, डॉक्टर."

काकी शेजारीच बसल्या होत्या, मांडीवर रिपोर्टची पिशवी. त्यांनी एकदा काकांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. मला तेव्हा ओरडावंसं वाटलं, पण माझ्या वाक्यांत तसं वाक्य नाही.

काकांच्या छातीला चोवीस तास यंत्र चिकटवून झालं. तेही स्वच्छ आलं. "घड्याळं कधी कधी चुकतात," डॉक्टर म्हणाल्या, "पण पुन्हा असं आलं तर दुर्लक्ष करू नका, मला दाखवा."

घरी आल्यावर काकी हळूच म्हणाल्या, "अहो, त्या टायमाक घड्याळ माझ्या हातात होता. आणि माका मधीच छातीत फडफडता."

"गप रव. तुला काय धाड भरलीय? तीन मजले चढतेस दिवसभर."

आणि मग, मित्रांनो, तरी जपलेलं बरं म्हणून काकांची सेवा सुरू झाली. त्यांच्यासाठी वेगळं अळणी जेवण, वेगळी आमटी. सकाळच्या फेरीव्यतिरिक्त त्यांना जिने चढ-उतर नको, म्हणून त्यांची फळं, त्यांचा पेपर, सगळं काकींनी आणायचं. काकींची पावलं बारा हजारांवर गेली. ग्रुपवर चंद्रप्रकाशांनी लिहिलं, "हृदयाची तक्रार असूनही तावडे मागे हटले नाहीत." मी आणखी दोनदा इशारा दिला. तिसऱ्यांदा सुबोध वैतागला. "हे खोटं बोलतंय यार, डॉक्टर काय म्हणाल्या ऐकलंत ना? उगाच टेन्शन." त्याने माझा इशारा बंद केला. काका समोरच बसले होते, त्यांनी पेपरचं पान उलटलं. तेव्हापासून मी नुसता मोजायचो.

तुम्ही म्हणाल, काकांना समजलं नसेल. मीही तसंच म्हटलं असतं, पण एकोणनव्वदाव्या दिवशी घरात दोघंच होती आणि काकी भिंतीला टेकून घामाघूम बसल्या. काकांनी मला त्यांच्या हातात बांधलं आणि त्यांचं बोट माझ्या कडेवर दाबून धरलं. असं धरलं की मी तीस सेकंदांत हृदयाची रेघ काढतो. काकांची स्वतःची नीटनेटकी रेघ त्यांनी डॉक्टरांकडे पाहिली होती. काकींची रेघ लहान मुलाने गिरवल्यासारखी आली. खाली मी जे लिहिलं, ते हेडक्लार्कला वाचता येत होतं.

काकांनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी ती रेघ पुसून टाकली.

"काय आला हो?" काकींनी विचारलं.

"काही नाही. दगदग झालीय. सत्कार झाला की दाखवू डॉक्टरला. अकरा दिवसांचा तर प्रश्न आहे."

माणसाचा राग येणं माझ्या कामात बसत नाही, तरी त्या दिवशी मला काकांचा राग आला. तो अजून गेलेला नाही.

सत्काराच्या दिवशी हॉल भरला होता. मी काकांच्या मनगटावर, बाही मुद्दाम वर सरकवलेली. काकांना शाल पांघरली. मग संघाच्या रिवाजाप्रमाणे काकींना ओटी भरायला वर बोलावलं. काकींनी दोन्ही हातांनी पदर पुढे धरला. एका बाईने त्यात तांदूळ आणि नारळ घातला आणि काकींचा उजवा हात एकदम खाली गेला. नारळ गडगडत जाऊन पहिल्या रांगेत थांबला. लोक हसले.

"नीट धर ना गं," काका दातांमधून म्हणाले. "सगळे बघतायत."

काकींचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. त्या काहीतरी बोलायला गेल्या, ते शब्द नव्हते. "चक्कर आली असेल, उपाशी असतील," असं कुणीतरी म्हणालं आणि दोघींनी त्यांना मागच्या खुर्चीत नेऊन सरबत पाजायचा प्रयत्न केला. सरबत हनुवटीवरून ओघळलं. काका माइकसमोर उभे होते, तिथून हे सगळं दिसत होतं. त्यांचे ठोके अठ्ठ्याहत्तरवरून एकशे सोळावर गेले. म्हणून मी ठामपणे सांगतो, त्यांना कळलं होतं. तरी ते अकरा मिनिटं बोलले. विषय होता, नियमितपणाचं महत्त्व.

रुचिरा बँकेतून थेट हॉलवर आली तेव्हा टाळ्या चालू होत्या. तिने सासूचा चेहरा पाहिला आणि किंचाळत रिक्षा थांबवायला रस्त्यावर धावली.

हॉस्पिटलात डॉक्टर संघमित्रांनी काकींची पट्टी पाहिली आणि विचारलं, "यांना आधी कधी धडधड, घाम, असं काही?"

"नाही," काका म्हणाले. "कधीच नाही."

काकांनी मला काढून खाटेच्या कडेला ठेवलं होतं, तिथून रुचिराने मला उचललं. पट्टा बोटांतून फिरवताना तिला ते वेडंवाकडं, जळक्या कडेचं भोक लागलं. पुष्कळ वापराने ते रुंद झालं होतं. तिने मला काकींच्या निपचित मनगटाभोवती गुंडाळलं. भोक बरोबर बसलं.

"बाबा, हे कुणी पाडलं?"

काका शालीची घडी घालत होते. "तिनेच पाडलं असेल कधीतरी," ते म्हणाले.

काकी वाचल्या. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. इतक्या वर्षांच्या शब्दांतला एकच शब्द तोंडात उरला आहे, अहो. पाणी हवं असलं तरी अहो, दुखलं तरी अहो. काका प्रत्येक वेळी दचकतात. प्रशस्तिपत्र भिंतीवर आहे, ते अजून कुणी काढलेलं नाही.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. आम्हा घड्याळांना खुशाल धुळीत टाका, आमच्या काचेला तडे जाऊ द्या. पण आमच्या हिरव्या दिव्याखाली जे मनगट असेल, त्याचं नाव खरं सांगा. ते सांगायला आठ शब्दही लागत नाहीत आणि काकांकडे एकोणसाठ दिवस होते.

सुबोधने आता मला पुसून कोरं केलं आहे आणि नवीन नाव भरलं आहे: प्रेमा तावडे. मी काकींच्या डाव्या हातावर असतो, त्याच भोकात. माझी भाषाही त्याने मराठी करून दिली आहे. आजची पावलं शून्य. आणि बसून तास झाला की मला एक वाक्य बोलावंच लागतं, ते बंद करायचं सुबोधच्या लक्षात आलेलं नाही. मी थरथरतो, काकी काच डोळ्यांजवळ नेतात, सावकाश वाचतात आणि समोर बसलेल्या काकांकडे बघून म्हणतात, "अहो."

काचेवर लिहिलेलं असतं, उठा, थोडं चालून या.