नव्या मुशीची पहिली काच

"नळी ठेव आधी खाली, मग बोल," गोपाळकृष्णपंत म्हणाले.

महिपतीनं फुंकनळी भिंतीला टेकवली. तिच्या टोकाला काचेचा तांबडा गोळा अजून लोंबत होता. त्याची कंदिलाची काच व्हायची होती, आता तो नुसताच निवत चालला होता.

"पंत, मी नाशकाला चाललो. तितं नवी भट्टी लागतीया. मुख्य कारागीर म्हनून बोलावलंय."

"कधी?"

"आज. दुपारच्या गाडीनं कल्यान, तितनं म्होरं."

"आणि हे आज सांगतोस?"

"लय दिस झालं, सांगीन सांगीन म्हनतोय. तुमचं त्वांड बगितलं की धीर हुईना."

कामशेतच्या रुळांपलीकडचा हा काचेचा कारखाना. मालक मुंबईत, इथं मॅनेजर म्हणा, मास्तर म्हणा, सगळं पंतच. भाताच्या खाचरांत वाढलेल्या गड्यांना त्यांनी फुंक शिकवली. आधी साबणाच्या पाण्यावर, मग काचेवर. "फुंक छातीत धरून ठेवू नका रे, ती सोडण्यासाठीच असते," हे त्यांचं पालुपद. गडी शिकत, त्यांचा हात बसे, आणि हात बसला की कुठून तरी बोलावणं येई. कुणी हुबळीला गेला, कुणी बडोद्याला. पंत कुणाला निरोप देत नसत. गेलेल्याचं नाव भट्टीपाशी काढायचं नाही, असा शिरस्ताच पडला होता. पण महिपती जवळच्याच उर्श्याचा, त्यांचा सगळ्यांत आवडता. तो जाईल असं पंतांच्या मनातही आलं नव्हतं.

"एक मागनं हाय," महिपती म्हणाला. "टोपलीभर फुटकी काच द्या. नव्या मुशीला पाजाय."

काच ज्यात वितळते ती मूस मातीची. कोऱ्या मुशीत एकदम वाळू आणि सोडा ओतला तर तो तिच्या भिंतीच खातो. म्हणून आधी जुनी काच वितळवून तिला आतून पाजायची. तो लेप बसला की मूस टिकते.

"नाशकात फुटक्या काचेचा दुष्काळ पडलाय वाटतं?"

"तसं न्हाई. पर तितली काच मला कुटं वळखती?"

पंत एकदम तडकले.

"इथला एक कपचाही बाहेर जाणार नाही. जा तू."

महिपती पाया पडायला वाकला. पंतांनी पाय मागे घेतला. वाकलेला महिपती क्षणभर तसाच राहिला, मग जमिनीलाच हात लावून निघून गेला.

मागच्या अंगणात म्हातारी बयाबाई फुटक्या काचा निवडत बसली होती. पांढरी एका ढिगात, हिरवी दुसऱ्यात. तोंडानं भातलावणीची ओवी चालली होती.

तरव्यातलं रोप बाई, तरव्यात पिवळलं
परक्या चिखलात लावलं, रान सारं हिरवळलं

"बयाबाई, गाणं पुरे."

"का वो? गान्यानं काच तडकती व्हय?" तिनं मान वर केली. "पोरगं रडत गेलं हितनं. टोपलीभर केराला न्हाई म्हनलात म्हनं?"

"केर नाही तो. कारखान्याचा माल आहे."

"बरं बाई, माल तर माल." तिनं पदर मानेवरून बाजूला केला. "ही खूण बगा. तुमी पयल्यांदा हितल्या ठेसनात उतरलात, तवा संगट एक पोतं हुतं. हमाल म्हनला, ह्येच्यात भूत खुळखुळतंय, मी न्हाई हात लावायचा. मग म्या उचललं. मान सोलून निगाली. काय हुतं वो त्यात?"

पंतांनी काचेचा एक तुकडा उचलला आणि परत ढिगात टाकला.

"बोला की."

"फुटकी काच."

"कुनाची?"

पंत काचांच्या ढिगाकडे बघत राहिले. पंत ज्यांच्या हाताखाली फुंक शिकले, त्या फिरोजाबादच्या उस्तादांची ती काच होती. निघायच्या दिवशी उस्ताद त्यांच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. पोतं मात्र त्यांनी स्वतःच भरलं आणि तोंड सुतळीनं शिवलं. शिवताना दाभण त्यांच्या बोटात घुसला होता. उस्ताद रागावले म्हणून बोलले नाहीत, असंच पंत इतकी वर्षं धरून बसले होते. बोटावरचं ते रक्त आज त्यांना आठवलं.

ते धोतर सावरून बयाबाईशेजारी खाली बसले.

"पांढरीच भर. हिरवी नको."

"आता कसं!" म्हातारी हसली. "जरा सावकाश, हात कापाल. आन् त्यो बारका टवका कशाला घेताय? चांगली जाड घ्या."

टोपली भरली. पंतांनी ती उचलून सरळ खांद्यावर घेतली.

"आवो, द्या हिकडं! काळी टोपी, कोट, आन् खांद्यावर काचा. लोक हसतील."

"हसू देत. तुझ्या मानेला एक खूण पुरे."

लोक हसलेच. फाटकवाला तर सलाम करायचा विसरला. स्टेशनात महिपती ट्रंकेवर बसला होता, बाजूला त्याची बायको नंदाबाई गाठोडं घेऊन. पंत दिसताच तो धडपडत उठला. टोपली खाली उतरली तशी खळकन वाजली. महिपती तिच्याकडे बघत राहिला.

"मूस घाईनं तापवू नकोस," पंत म्हणाले.

"न्हाई."

"आणि नव्या गड्यांना फुंक शिकवताना..."

"ठावं हाय की. धरून ठेवायची न्हाई म्हनावं, सोडायची."

या वेळी महिपती वाकला, तेव्हा पंतांचे पाय जिथल्या तिथं होते. नंदाबाईनं टोपलीवर आपलं जुनं लुगडं घट्ट बांधलं. गाडी खंडाळ्याच्या दिशेनं गेली, आणि धूर विरेपर्यंत पंत उभे राहिले. परतताना खांदा दुखत होता, पण छाती कशी मोकळी झाली होती. वाटेत त्यांनी फाटकवाल्याच्या म्हशीचीसुद्धा चौकशी केली.

महिपतीच्या जागी सोपान उभा राहिला. त्याच्या काचा कधी तिरक्या, कधी पोट सुटलेल्या. बयाबाईचा ढीग वाढला. "सोपाना, मला बसाय जागा ठिव रं बाबा," ती म्हणे, आणि पंत हसत.

भातं झोडून झाली, तेव्हा पार्सल आलं. पेंढ्यात गुंडाळलेली कंदिलाची काच. वाटेत फुटून तिचे चार तुकडे झाले होते.

"अरं द्येवा," बयाबाई हळहळली. "धड येती तर फळीवर ठिवली असती."

पंतांनी एक तुकडा उन्हात धरला. काच पातळ होती, एकसारखी. आत एकही बुडबुडा नव्हता.

"कुनाची वो?" सोपाननं विचारलं.

भट्टीपाशी सगळे थबकले.

"महिपतीची," पंत म्हणाले. "उर्श्याच्या महिपतीची."

मग त्यांनी ते तुकडे बयाबाईच्या ओंजळीत दिले.

"मुशीत टाक. आपल्यात मिसळू दे."